ढगाचं अर्धं तिकीट

अनिता वेखंडेचं माहेर टोकावड्याला. शेणव्याजवळच्या तिच्या सासरहून तिथं जायचं तर दोनदा एसटी बदलावी लागते, एकदा शहापूरला आणि एकदा मुरबाडला. सकाळचा चहा घेऊन निघालेलं माणूस दुपारच्या जेवणाला पोचतं. तरी वडील वारले तेव्हा दिवसकार्याला गेली ती शेवटची, आणि त्याला आता चार वर्षं होत आली होती. तिला कुणी अडवलं होतं असं मात्र कुणी म्हणू शकलं नसतं.

"आमी कुठं नाय बोलतो?" तिची सासू सकुबाई शेजारीपाजारी सांगायची. "मुराळी येऊ दे, खुशाल जाऊ दे."

मुराळी म्हणजे सुनेला न्यायला माहेरून येणारा माणूस. बाप, भाऊ, अगदीच कोणी नसलं तर चुलतभाऊ. अनिताचे वडील दामू होते तोवर दर मे महिन्यात यायचे. पायरीशी चपला काढायचे, ओटीवर बसून तांब्याभर पाणी प्यायचे, आणि दरवर्षी तेच वाक्य नुकतंच सुचल्यासारखं बोलायचे, "लेकीला न्यायला आलोय." ते गेल्यावर हे काम धाकट्या भावावर, आदेशवर आलं. आदेशचा माळशेजच्या रस्त्याला धाबा आहे. उन्हाळ्यात सुट्टीचं गिऱ्हाईक, पावसाळ्यात धबधब्याचं गिऱ्हाईक. "ताई, या मेला नक्की येतो," असं तो फोनवर म्हणायचा, आणि मे महिना धाब्यावरच संपायचा.

एकटीनं जायची सोय नव्हती. मुराळ्याशिवाय गेलेल्या सुनेबद्दल गाव एकच विचारतं, भांडून गेली का? नवऱ्यानं नेऊन सोडावं तर ते त्याहून वाईट. नवरा बायकोला माहेरी पोचवून आला म्हणजे त्यानं ती परत केली. शेखरला, अनिताच्या नवऱ्याला, हे पटत होतं असं नाही. पण पटत नाही म्हणून काही करावं असंही त्याला वाटत नव्हतं. तो आसनगावकडच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, घरी येईतो दमलेला असायचा, आणि दमलेल्या माणसाला मत विचारू नये असं त्या घरानं ठरवून टाकलं होतं. अनिता कधी दमते, याबद्दल काही ठरलेलं नव्हतं.

ह्या वर्षी एप्रिलमध्ये आदेशचा फोन आला तो नेहमीसारखा नव्हता. आईच्या, रखमीच्या, एका डोळ्याची नजर काचबिंदूनं गेली होती आणि दुसऱ्याची जात चालली होती.

"कल्याणचा डॉक्टर बोलला, गेलेलं परत येत नाय," आदेश म्हणाला. "आई सारखी बोलते, अनिताला एकदा बघायचंय. दिसतंय तोवर."

मग त्यानं व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर आधी छताचे वासे दिसले, मग रखमीचा कान, मग एक मोठा पांढुरका डोळा.

"दिसते का गो मी?" अनितानं विचारलं.

"उजेड दिसतो. तू हललीस की काळं काय तरी हलतं," रखमी म्हणाली. "अंगणात उन्हाला तोंड धरलं ना, की दिसतं मला अजून. तू ये, मी धरून बघते."

मे उजाडला. नम्रतानं, अनिताच्या चौथीत जाणाऱ्या मुलीनं, परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आल्याआल्या आपली पिशवी भरली आणि भाताच्या कणगीमागे ठेवून दिली. ती दरवर्षी भरायची. जूनमध्ये तीच पिशवी रिकामी व्हायची. अर्धा मे गेला, आदेश आला नाही. बाकी सगळे मात्र कुठं ना कुठं गेले. सकुबाई भातसानगरला लेकीकडं, कविताकडं, चार दिवस गेली. जावई धरणावर नोकरीला, क्वार्टरमध्ये चोवीस तास पाणी, त्यामुळे उन्हाळ्यात सकुबाईला लेकीची आठवण जास्त यायची. शेखर कंपनीतल्या मित्रांबरोबर जीप करून वणीला देवीला गेला. घरात राहिली अनिता, नम्रता, गाभण म्हैस आणि उडदाच्या पापडांचं पीठ.

त्यातल्या एका सकाळी पापड लाटता लाटता अनितानं लाटणं खाली ठेवलं, हात धुतले आणि लग्नाकार्याची पोपटी साडी नेसली.

"चल," ती नम्रताला म्हणाली.

नम्रतानं कुठं म्हणून विचारलं नाही. तिनं कणगीमागून पिशवी ओढली. दोघी फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. शहापूरची एसटी आली, थांबली. दारातून कंडक्टरनं मान बाहेर काढली.

"चढताय का?"

अनितानं दांड्याला हात लावला होता. लोखंड तापलेलं होतं. तिला आठवलं की म्हशीसमोर पाणी ठेवलेलं नाही, की शेखर लवकर परतला तर घराला कुलूप दिसेल, की टोकावड्याच्या घरी पायरी चढताना आदेशची बायको आधी रस्त्याकडं बघेल, मुराळी कोण ते बघायला. हे सगळं एकदमच आठवलं.

"नाय," ती म्हणाली. "असंच उभ्या आहोत."

"असंच?" कंडक्टर हसला, त्यानं घंटी मारली. एसटी गेली. दोघी घरी आल्या. अनितानं साडी बदलली आणि उरलेले पापड लाटले. नम्रतानं पिशवी पुन्हा कणगीमागे ठेवली.

जूनमध्ये मात्र आदेशनं खरंच दिवस ठरवला. सोमवारी येतो, धाब्यावर माणूस बसवलाय, आता चुकणार नाही. सकुबाईला सांगितल्यावर तिनं क्षणभर विचार केला आणि मान हलवली. "मुराळी येतोय ना? मग जा. आठ दिवस राहा. लावणीच्या आधी ये." अनितानं आईसाठी कडवे वाल आणि उडदाचे पापड बांधून ठेवले. सोमवार पाच दिवसांवर होता, आणि त्याच आठवड्यात शाळा सुरू झाली.

चौथीच्या भोईर बाईंनी पहिल्या दिवशी दरवर्षीप्रमाणे विचारलं, सुट्टीत कोण कोण कुठं गेलं? कुणी आत्याच्या लग्नाला गेलं होतं, कुणी नुसतंच करवंदं काढायला. नम्रताची पाळी आली. ती उभी राहिली.

"आमी टोकावड्याला गेलो. मामा मुराळी आलेला."

"छान. कशानं गेलात?"

"एसटीनं. मामा आख्खी एसटी घेऊन आलेला. आमच्या दोघींसाठीच."

मागच्या बाकावरून मंगेश, शेजारच्या बाळीचा मुलगा, म्हणाला, "ड्रायवर कोण होता मग?"

"मामाच."

"आणि कंडक्टर?"

"मामाच. वळण आलं की गाडी चालवायचा, सरळ रस्ता आला की तिकीट फाडायचा."

वर्ग हसला. हसल्यावर नम्रताला जोर चढला. एसटी धरणाच्या भिंतीवरून गेली. खाली पाण्यात बुडलेलं गाव होतं, तिथली माणसं ओटीवर बसून वर बघत हात करत होती. मुरबाडच्या स्टँडवर भोंग्यावरून पुकारलं, अनिता शेखर वेखंडे आलेल्या आहेत, त्यांना खिडकीची जागा द्यावी. पुढं घाटाच्या बाजूनं एक ढग आला. तो खिडकीतून आत आला आणि आईच्या शेजारी बसला.

"त्याचं तिकीट काढलं का?" आता भोईर बाईही हसत होत्या.

"काढलं ना. अर्धं. लहान होता तो."

मग टोकावड्याला आजीच्या अंगणात बिबट्या आला. तो गुरांच्या डोणीतलं पाणी प्यायला आणि आईनं केरसुणी दाखवली तसा निघून गेला. बिबट्या सगळ्यांना पटला. दोन मुलांनी लगेच आपापल्या काकांनी पाहिलेले बिबटे सांगितले.

"बरं, अजून काय केलं?" बाईंनी विचारलं.

"मी खेळायची. आई झोपायची."

"झोपायची म्हणजे?"

"दुपारची. आजी तिला ताट वाढून द्यायची. गरम. आई सगळ्यांच्या आधी जेवायची. मग झोपायची. तिला कोणी उठवायचं नाय. चहा झाला तरी नाय."

मग मंगेश उभाच राहिला. "बाई, ही फेकतेय. आई कदी झोपते का दुपारची?"

"नायच झोपत," दोघीतिघी एकदम म्हणाल्या.

भोईर बाईंनी डस्टर उचलून पुन्हा टेबलावर ठेवला. "बस खाली, नम्रता," त्या म्हणाल्या. "छान सांगितलंस."

मंगेशनं ती गोष्ट घरी जाऊन आईला जशीच्या तशी सांगितली. बाळीनं तिच्यातला ढग गाळला, बिबट्या गाळला, बुडलेलं गाव गाळलं. चाळणीत उरलं ते एवढंच, की सकुबाई लेकीकडं गेली तेव्हा अनिता गुपचूप माहेरी जाऊन आली. संध्याकाळी ती विरजण मागायला आली.

"काय गो अनिता, टोकावड्याला जाऊन आलीस, बोललीस पण नाय?"

अनिता तांदूळ पाखडत होती. "कोण गेलं?"

"आता मंगेश सांगतो ना. तुझ्या पोरीनं शाळेत सगळं सांगितलं. मामा आला न्यायला, आई रोज झोपली. मजा आहे बाबा तुझी."

"पोरं काय पण बोलतात."

"पोरं बोलतात गो. पण मी बघितली ना तुला फाट्यावर. मी दळण घेऊन गिरणीवर उभी होती. पोपटी साडी. मी बोलली, ही कुठं चालली एवढी नटून?"

ओटीवर सकुबाई लसूण सोलत होती. तिची बोटं थांबली. "कदी?"

"तुमी भातसानगरला गेलेल्या ना, तेव्हाच."

सकुबाई ओरडणारी बाई नव्हती. "चहा ठेव बाळीला," एवढंच ती म्हणाली. बाळी चहा पिऊन, विरजण घेऊन, म्हशीच्या पोटावर हात फिरवून गेली. मग सकुबाईनं लसणाची सालं पदरात गोळा केली.

"गेलेलीस?"

"नाय आत्या."

"मग फाट्यावर काय करत होतीस?"

अनिता पुन्हा तांदूळ पाखडायला लागली. खरं काय ते सांगायला दोन वाक्यंसुद्धा लागली नसती. नटून गेले, एसटी थांबली, चढले नाही, परत आले. पण हे मोठ्यानं बोलून दाखवायचं म्हणजे काय, हे तिचं तिलाच उमगलं. गेली असती तर निदान शिव्या खाण्याजोगं काही केलं असतं. न गेल्याचं कारण कुणी विचारलं तर ती काय सांगणार होती? लोखंड तापलेलं होतं?

"आलीस तर आलीस जाऊन," सकुबाई म्हणाली. "मी काय खाणार नाय तुला. पण मग यंदाचं माहेरपण झालं तुझं. पेर झालीय, लावणी तोंडावर आहे, म्हैस आज व्यायेल नाय तर उद्या. कोणाची सून वर्षातनं दोनदा जाते?"

"आत्या, आईचे डोळे..."

"बघितलं ना तिनं तुला आता?"

शेखर आल्यावर त्याला जेवताना सगळं कळलं. त्यानं भाताचा घास हातातच धरून बायकोकडं पाहिलं.

"गेलीस तर गेलीस, त्यात काय? पण विचारून टाकायचं ना आईला."

"मी गेले नाय."

"मग बाळी काय खोटं बोलते?"

"बाळी खरं बोलते. मी फाट्यावर उभी होते."

"कशाला?"

अनितानं त्याच्या ताटात आमटी वाढली. त्यानं थोडी वाट पाहिली, मग जेवायला लागला. "आता मी मध्ये पडलो तर आईला वाटंल, दोघं मिळून करतात," तो म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या घरात कुणाचंच म्हणणं कधी अगदी खोटं नसायचं.

शनिवारी सकाळी अनिता नम्रताची वेणी घालत होती.

"आजीला जाऊन सांग, आपण नव्हतो गेलो."

"मग मंगेश मला फेकू बोलेल."

"बोलू दे."

"सगळी शाळा बोलेल."

"नम्रता, तू का सांगितलंस असं?"

नम्रता पुढं बघत होती. "आपण फाट्यावर गेलेलो ना?"

"हो."

"एसटी आलेली ना?"

"हो."

"मग मी खोटं कुठं सांगितलं? मी फक्त पुढचं सांगितलं."

अनिताच्या हातून वेणीचा पेड जरा जास्तच ओढला गेला. नम्रता "आई गं" म्हणाली. रिबीन बांधून झाल्यावर नम्रता आपणहून उठली, ओटीवर गेली आणि सकुबाईसमोर उभी राहिली.

"आजी, आमी टोकावड्याला नव्हतो गेलो."

सकुबाईनं तिला जवळ घेतलं. "आईनं सांगितलं का असं बोलायला?"

"हो," नम्रता म्हणाली. आठवडाभरात ती पहिल्यांदाच अगदी अक्षर न् अक्षर खरं बोलली होती.

आता उरला आदेश. अनितानं त्याला फोन करून सगळं सांगायचं ठरवलं, पण घरातला फोन एकाच जागी रेंज धरतो, ओटीच्या कोपऱ्यात, सकुबाईच्या बिछान्याशेजारी. तिथं उभं राहून ती काय बोलणार? शिवाय सांगायला होतंच काय? मुराळी दारात येईल, त्याला विचारतील, तो म्हणेल की नाही बुवा, चार वर्षांत ही आली नाही. भावाहून दुसरा साक्षीदार कोण? तिनं वालाची पिशवी सोडली नाही. सोमवारची वाट बघितली.

आदेश सोमवारी पहाटेच निघून सकाळी आला. बाइकवर ताई, भाची आणि सामान मावणार नाही म्हणून एसटीनं आला. वडील काढायचे तशाच पायरीशी चपला काढल्या. पिशवीत नारळ होता, आंबे होते, सकुबाईसाठी खणाचं कापड होतं. अनितानं तांब्या-भांडं नेऊन ठेवलं आणि दाराआड उभी राहिली. तिनं धुवट साडी नेसली होती. पोपटी साडी नेसायचा तिला धीर झाला नव्हता.

"मावशी, ताईला न्यायला आलोय," आदेश म्हणाला.

"या ना, या," सकुबाई मायेनं म्हणाली. "पण पाहुणं, आताच येऊन गेली ना ती तुमच्याकडं? मे महिन्यात? मी इथं नव्हती तेव्हा. एवढ्यात परत कशी पाठवू, तुमीच सांगा."

आदेशनं मान वर केली. दाराच्या फटीतून त्याला बहिणीचा अर्धा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं आहे असं अनिताला वाटत होतं. बोल, ती मनात म्हणत होती, बोल की नाय आली म्हणून.

पण आदेशनं त्या चेहऱ्यावर वेगळंच वाचलं. बहीण कुठंतरी गेली होती, सासरी माहेरचं नाव सांगून गेली होती, आणि आता अडकली होती. कुठं गेली, का गेली, ते नंतर बघता येईल. सासूसमोर बहिणीला खोटं पाडणारा तो कसला भाऊ?

"हो हो," तो म्हणाला. "आलेली ना. येऊन गेली."

सकुबाईच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. इतके दिवस तिनं ती गोष्ट हाताशी आली म्हणून वापरली होती. ती खरी असेल असं तिला बहुतेक वाटलंच नव्हतं. तिनं दाराकडं पाहिलं, सुनेला नव्यानं बघावं तसं.

"किती दिवस राहिली?" तिनं विचारलं.

"राहिली... दोन दिवस," आदेश म्हणाला. "आईला बरं वाटलं."

अनिता आत जाऊन चुलीसमोर बसली. चहा उतू गेला, तो तिनं पुसून काढला आणि उरलेला कपात ओतला. बाहेर सकुबाईचा आवाज येत होता, आता पुन्हा नेहमीचा, घरंदाज. "पण मुराळ्याला रिकाम्या हातानं नाय पाठवणार मी. आमच्यात तसं नाय. नम्रताला न्या चार दिवस. शाळेचं काय, आताशी सुरू झालीय. आजीचा पण जीव रमेल."

नम्रताची पिशवी कणगीमागे भरलेलीच होती.

पाहुण्याला फाट्यापर्यंत पोचवायला जाण्याला कुणाची हरकत नसते. तिघं चालत निघाले. नम्रता पुढं, पिशवी पाठीला मारत. घर मागं पडलं. मग आदेश हळूच म्हणाला, "ताई, आता तरी सांग. कुठं गेलेलीस?"

"कुठं नाय."

"माझ्यापासून कशाला लपवतेस? मी सांभाळून घेतलं ना?"

"आदेश, मी कुठंच गेले नव्हते रे. पोरीनं शाळेत गोष्ट रचून सांगितली. तीच फिरून घरी आली."

आदेश थांबला. रस्त्याच्या मधोमध थांबला, मागून येणाऱ्या रिक्षानं हॉर्न दिला तेव्हा बाजूला झाला. "म्हणजे मी नाय आली असं बोललो असतो तर..."

"तर मी आता तुझ्याबरोबर निघाले असते."

"मी परत जातो. मावशींना सांगतो, मी खोटं बोललो."

"काय सांगशील? कशाला खोटं बोललास? ताई कुठं तोंड काळं करून आली असं वाटलं म्हणून?" अनिता शांतपणे म्हणाली. "चल. मग मुराळीच खोटारडा ठरेल. पुढल्या खेपेला तुला ओटीवर पाणी नाय मिळायचं."

आदेशनं कपाळावर हात मारून घेतला. पुढून नम्रता ओरडली, "मामा, एसटी!"

एसटी थांबली. तोच कंडक्टर होता की दुसरा, अनितानं पाहिलं नाही. "चढताय का?" त्यानं विचारलं.

"ही दोघं," अनिता म्हणाली. तिनं वालाची आणि पापडांची पिशवी आदेशच्या हातात दिली. नम्रता पायरीवर चढून मागं वळली. आईचा हात दांड्यावर होता. तिनं आईकडं पाहिलं, मग हाताकडं. अनितानं हात काढून घेतला.

"आजीजवळ उन्हात बस," ती म्हणाली. "तिला तोंड नीट बघू दे. हलू नकोस."

बुधवारी दुपारी टोकावड्याहून फोन आला. जेवणं झाली होती. सकुबाई ओटीवर आडवी झाली होती, म्हणून अनितानं फोन उचलून कोपऱ्यातच उभ्यानं कानाला लावला. रखमीचा आवाज उत्साहात होता.

"काय गो, पोरीनं सगळं सांगितलं मला."

अनितानं घाईनं विचारलं, "काय सांगितलं?"

"सासू तुझ्या डोक्याला तेल चोळून देते म्हणे."

अनितानं सकुबाईकडं पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"शेखर तुला नदीच्या पुलावर फिरायला नेतो. आणि दुपारची तू रोज झोपतेस. सासू बाहेरच्यांना सांगते, आवाज करू नका, सून झोपलीय."

मागून नम्रताचा आवाज आला, "आजी, म्हशीचं सांग ना!"

"हां, म्हैस आपलीआपण कळशी घेऊन पाण्याला जाते बोलते. ते काय मला खरं नाय वाटलं हो," रखमी हसली. हसताना तिला ठसका लागला. "पण बाकीचं ऐकून बरं वाटलं. मी उगाच जिवाला लावून घेतलेलं, की पोर येत नाय म्हणजे तिथं काय तरी दुखतं तिचं. खरं ना गो हे सगळं?"

सकुबाईनं कूस बदलली.

"हो," अनिता म्हणाली.

"मग झालं तर. आता नाय आलीस तरी चालेल. सुखात असलेल्या लेकीला कशाला ओढायचं? तुझ्या पोरीला धरून बघितलं अंगणात. उन्हात. नाक तुझंच आहे, हनुवटी पण. तूच बसलीस असं वाटलं. झालं माझं."

"आई..."

"ठेवते आता. झोप तू. तुझी झोपायची वेळ ना ही?"

फोन ठेवल्यावर अनिता आतल्या खोलीत आली. मोरीत भांडी होती. दळण निवडायचं होतं. म्हशीला पाणी दाखवायचं राहिलं होतं. ती मधोमध उभी राहिली, आणि मग, लग्न झाल्यापासून त्या घरात कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. भर दुपारी, दार सताड उघडं असताना, हाताची उशी करून ती जमिनीवर आडवी झाली. फरशी थंड होती. वर कौलांतून एक उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात धूळ फिरत होती.

झोप येणार नव्हती. इतक्या वर्षांत दुपारची झोप अनिताचा पत्ताच विसरली होती.

"अनिता," ओटीवरून हाक आली. "म्हशीला पाणी दाखवलंस का?"

अनिताचं अंग सवयीनं उठायला लागलं. तिनं ते तसंच दाबून धरलं.

"अनिता गो!"

दारात कुणाची तरी पावलं वाजली. बाळीचा आवाज आला, विरजणाबद्दल काहीतरी. मग सकुबाई म्हणाली, आधी मोठ्यानं आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "झोपली का काय ही दुपारची?"

अनितानं डोळे घट्ट मिटले, आणि तिसऱ्या हाकेची वाट बघत पडून राहिली.